एकाच भावात पांढरा

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक. तुमचे बंधूही ठीक (म्हणजे बोलणे चालू आहे). तुमचे गुडघे कसे आहेत? लग्नघरातली जिन्याची धावपळ दुसऱ्यांना करू द्या, तुम्ही बसून हुकूम सोडा. ते तुम्हाला उपजतच जमते.

फोटोत मी कायम तोंड मिटून असते म्हणून तुमच्या नव्या व्याह्यांनी मला घमेंडखोर ठरवल्याचे कळवलेत. वन्सं, ती घमेंड नव्हे. उजव्या सुळ्यामागच्या दातात वीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे ती. काळी पडली, तेव्हापासून मी ओठांना कुलूप घातले. यंदा त्याच दाताला कडेने पुन्हा कीड लागली. म्हटले, भाचीच्या लग्नात एक तरी फोटो हसून काढायचाच, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी विचारले, चांदी भरू की दाताच्या रंगाचे? तुमचे बंधू म्हणाले, चांदीच टिकते, तिथवर बघायला कोण येतंय? मी म्हटले, देव बघतो. (आणि तुमचे व्याही.)

इथवर सगळे शहाणपणाचे झाले. मग बाईंनी इवल्या इवल्या दातांची एक पट्टी काढली, शुभ्रपासून पिवळटापर्यंत, आणि आपण कापडाला दोऱ्याचे रीळ लावून बघतो तसा एकेक माझ्या दाताशी धरून बघितला. पसंत केला तो शेवटून तिसरा, दळणाच्या जुन्या पिशवीच्या रंगाचा! मी भाव विचारला. म्हणाल्या, सगळ्यांचा एकच. आता तुम्हीच सांगा, एकाच भावात पांढरा मिळत असताना मळका कोण घेईल? मी पहिलाच मागितला. शेजारच्या दातांशी जुळायला हवा, हे त्यांनी तीनदा समजावले. पण मी मॅट्रिक झालेली बाई. मला वाटले, पडून राहिलेला माल गळ्यात मारताहेत.

घरी येऊन आरशात हसले. अंधाऱ्या इमारतीत एकाच खोलीत दिवा लागावा तसे दिसले. तुमच्या बंधूंनी शांतपणे विचारले, "बाकीच्यांचं वीजबिल भरायचं राहिलं का?" प्रार्थनेला गेले, तर बायकांची नजर देवावरून निघून माझ्या दातावर येऊन थांबे. (देवाची त्याला हरकत नसावी, मला होती.) मग मी उलट बाजूने विचार केला: एक दात मळवण्यापेक्षा उरलेले सव्वीस उजळावेत. नऊ दिवस चहा सोडला, सकाळ-संध्याकाळ मिठाने दात घासले. दात होते तसेच राहिले, हिरड्या हुळहुळ्या झाल्या, आणि त्या नऊ दिवसांतल्या माझ्या स्वभावाबद्दल तुमच्या बंधूंना न विचारलेलेच बरे. लग्न बारा दिवसांवर आले आणि कुलूप पुन्हा ओठांवर. व्याह्यांना आत्ताच सांगून ठेवा, घमेंडखोर बाई येत आहे.

नवरीला अनेक आशीर्वाद, मोठ्यांना नमस्कार.

तुमची,
तोंड मिटलेली भावजय

ता. क. काल यांचे पाकीट धुण्यात जाता जाता वाचले. आत सहलीतला तो फोटो निघाला. तुम्ही चुलत सासऱ्यांच्या कवळीचा किस्सा सांगत होतात आणि मी खदखदून हसत होते, तो. मी तेव्हाच फाडायला सांगितला होता. काळी चांदी लख्ख दिसते आहे. विचारले, हा कशाला जपून ठेवलात? म्हणाले, "तुझा हसतानाचा दुसरा आहे कुठे?" मी उठून चहा टाकला, दोघांनी घेतला. तेव्हा वन्सं, पत्र लिहायचे खरे कारण एवढेच, की लग्नात तुम्ही फोटोवाल्याच्या मागे उभे राहून तोच किस्सा सांगा. दात कसाही असो, मी हसेन.

आणखी एक. गुरुवारी डॉक्टरीणबाई रंग बदलून देणार आहेत, बिनपैशाने. शेवटून तिसराच शोभेल, असे त्यांचे अजून म्हणणे आहे. मी चौथा सांगून आले आहे. फुकटच मिळायचा, तर जरा उजळ का नको?