तीन वर्षांच्या आधी

४ मार्च, सोमवार

यादी झाली. कारखान्यासाठी हलवायच्या एकाहत्तर कबरी. अडतिसावी लोआनची. यादी मीच टाइप केली — तिचं नाव, माझं नाव, नातं : पती. मृत्यूला झालेले महिने : सोळा. बोटं थांबली नाहीत, याचंच नवल वाटलं.

दुपारी सभा. प्रांताचा माणूस म्हणाला, कोरियाची कंपनी चार हजार जणांना काम देणार. एप्रिलपर्यंत जमीन मोकळी झाली नाही, तर कंपनी शेजारच्या प्रांतात जाईल. तिथे लोक फुलं घेऊन उभे आहेत म्हणे.

मग थोआ आजी उठली. तिचा नवरा टेकडीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात पुरलाय, लोआनला लागूनच.

"हे मोजणीवाले साहेब गप्प का? यांची बायको तिथेच निजलीय ना? आधी तिला उठवा म्हणावं, मग या माझ्या म्हाताऱ्याकडे. त्याला जिवंतपणी कोणी लवकर उठवू शकलं नाही."

सगळे हसले. मीही हसलो बहुतेक.

५ मार्च

कचेरीत हाताखालच्या दिन्हला सांगितलं, पूर्वेचा कोपरा तू सांभाळ. तिथला एकही कागद माझ्यासमोर आणू नकोस. उद्या कोणी म्हणायला नको, बायकोसाठी हद्दीची रेषा सरकवली.

"बरं, दादा."

बरं वाटलं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाही कोणी बोट दाखवलेलं नाही.

७ मार्च, गुरुवार

क्येनदादाचा दक्षिणेतून फोन. लोआनचा थोरला भाऊ. कॉफीच्या मळ्यात असतो, पण कोणीतरी कळवलंच.

"रीतीप्रमाणे तीन वर्षं होऊ देत. हाडं मोकळी झाली की मी येतो, आपण दोघं धुऊ, पेटीत ठेवू. त्याआधी उघडलंस तर काय दिसेल, ते बघवेल तुला?"

मी म्हणालो, अजून काही ठरलं नाही.

"तुझं कधीच काही ठरत नाही. माझी बहीण आहे ती. तुझ्या कचेरीतला कागद नाही."

१० मार्च

हान्ह आली एक दिवसासाठी. तीन तासांवरच्या कारखान्यात आहे, एका खोलीत सहा मुली. भात वाढताना म्हणाली, "बाबा, इथे कारखाना झाला तर मी घरी राहीन. तुम्ही भांड्यातच जेवता, मला माहीत आहे." आईचा विषय तिने काढला नाही. मीही नाही.

१२ मार्च, मंगळवार

संमतीच्या कागदावर पहिलं नाव माझं. लिहून झाल्यावर बराच वेळ त्याकडे बघत बसलो. अक्षर माझंच होतं.

गावसमितीच्या अध्यक्षांनी खांद्यावर हात ठेवला. "आता लोक येतील." दिन्ह खाली बघत होता.

१३ मार्च

अठरा सह्या.

२० मार्च, बुधवार

लिहायचं नव्हतं. लिहितो.

हाडांवर ऊन पडू द्यायचं नसतं, म्हणून उजाडायच्या आत गेलो. वर ताडपत्री बांधली. हान्हने बडीशेप आणि आलं घालून पाणी उकळून आणलं होतं, हाडं धुवायला. मी मातीची पेटी आणली होती. ती वेळ आलेली नाही हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, तरी आणली. रिकाम्या हाताने कसं जायचं?

खणणाऱ्याने शवपेटीचं झाकण सरकवलं. आत कंदील धरला. लगेच परत सरकवलं.

"अजून निजल्यात, साहेब. झाका म्हणालात तर झाकतो."

मला दिसलं होतं. तिचा निळा स्वेटर. बाहीत हात. ओळखू येत होती. ओळखू येत होती, एवढंच लिहितो.

हान्ह भांडं धरून उभीच होती. पाण्याची वाफ येत होती. खणणारा माझ्याकडे बघत होता. झाका म्हणता आलं असतं. पण पहिलं नाव माझं होतं. मी म्हणालो, गाडी बोलवा.

शहरातल्या भट्टीत नेली. लोआनला आगीची भीती वाटायची. चुलीशीही लांबून फुंकायची.

राख एवढीशी. हाडांच्या पेटीत ती तळाशीच राहिली.

२१ मार्च

कचेरीत गेलो. सगळे हळू बोलत होते.

२८ मार्च

बासष्ट सह्या. पूर्वेच्या कोपऱ्यात कबरी असलेल्या आठ घरांना अजून कोणी सहीला बोलावलेलं नाही. मी विचारलं नाही. तो कोपरा माझा नव्हे.

५ एप्रिल, शुक्रवार

कबरी साफ करण्याचा दिवस. नव्या स्मशानात सगळे चौथरे सारखे, कोणाचा कोणता ते आकडा वाचून कळतं. हान्हने संत्री ठेवली.

९ एप्रिल, मंगळवार

कंपनीचे पाकसाहेब जागा बघायला आले. सोबत दुभाषी मुलगी. नकाशा धरायला मी. पूर्वेच्या कोपऱ्याशी ते थांबले, बूट पुसले, थोआ आजीच्या म्हाताऱ्यासमोर तीन उदबत्त्या लावल्या आणि वाकले. मग लोआनच्या जागेकडे बघून काहीतरी म्हणाले.

मुलगी म्हणाली, "साहेब विचारतात, हा खड्डा कसला?"

मी म्हणालो, कबर हलवली. कारखान्यासाठी.

ते दोघं आपसात बोलले. मग ती म्हणाली, "पण हा कोपरा साहेबांनी फेब्रुवारीतच सोडून दिला. कुंपण अलीकडून जाणार. त्यांच्याकडेही टेकडीवरच्या कबरींना कोणी हात लावत नाही. नवा नकाशा तुमच्या कचेरीत पाठवला होता."

कचेरीत परतून दिन्हला बाहेर बोलावलं. तो रडायलाच लागला. नकाशा अकरा मार्चला आला होता.

"तुम्हीच म्हणाला होतात, दादा, एकही कागद नको. अध्यक्षांना दाखवला. ते म्हणाले, सगळ्या सह्या होईपर्यंत बोलू नकोस, नाहीतर प्रत्येकजण रेषा सरकवा म्हणेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही सही केलीत. मला वाटलं, तुम्हाला कुठून तरी कळलंय आणि तरी करताय. लोकांसाठी."

मला त्याच्यावर रागावता आलं नाही. अकरा मार्च. मी सही केली बारा मार्चला.

१२ एप्रिल

थोआ आजी दारात आली. पानात बांधलेला चिकट भात दिला हातात. ती काही बोलली नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

१५ एप्रिल, सोमवार

क्येनदादाचा फोन. आवाज खाली होता. म्हणाला, "झालं ते झालं. निदान तिची जागा कारखान्याला लागली ना?"

मी म्हणालो, लागली.