षण्मुगमचा पत्रा

१८ एप्रिल २००५
सकाळी सातपासून ठोकाठोक. परसात गेलो तर शेजारचा षण्मुगम कंपाउंडच्या भिंतीला आपल्या बाजूने लोखंडी अँगल लावून घेतोय. काय हे, म्हणून विचारलं. "माय साइड, सार. माय वॉल." माझ्याकडे न बघता. संध्याकाळपर्यंत छातीएवढ्या भिंतीवर हिरवा पत्रा, जमिनीपासून मोजून नऊ फूट. जॉर्ज टाउनला पत्र्याचंच दुकान त्याचं, त्याला काय तोटा.
आमची बाग ती केवढी. वीस पावलं लांब, आठ रुंद. आणि पूर्व नेमकी त्याच्याकडे.
गेल्या नवरात्राच्या तोंडावर ही मंडळी शेजारी राहायला आली. सहा महिन्यांत भांडण नाही, तंटा नाही. मग हे काय?

१९ एप्रिल
मोगऱ्यावर ऊन आलं साडेनऊला. एरवी सातला असतं. दुपारचं समुद्राचं वारं तर आलंच नाही. चेन्नईत, अड्यारला घर घेतलं ते त्या वाऱ्यासाठी. सुमनची वेताची खुर्ची रोज अडीचला परसात जाते, आज ती पाच मिनिटांत घाम पुसत आत आली. पंखा लावून बसली. मी बोललो. बरंच.

२४ एप्रिल
सु.चं दुखणं वेगळंच. तिला वाऱ्याचं एवढं नाही, उमाचं लागलंय. उमा म्हणजे ष.ची मुलगी, नुकती बँकेत लागलीय. रोज सकाळी भिंतीवरून हात पुढे करायची, सु. ओंजळभर मोगरा द्यायची, "आँटी, थँक्स" म्हणून पळायची. आता फुलं ताटलीत सुकतात.
म्हटलं, त्यांच्या गेटवर जाऊन दे. गेली. ष.च्या बायकोने, लक्ष्मीअक्काने, दार अर्धंच उघडलं. "वेंडाम." नको. आणि लावून घेतलं. सु. फुलं घेऊन परत.
माझ्या बायकोच्या तोंडावर दार लावतात. ठीक आहे.

२ मे
कॉर्पोरेशनला अर्ज टाकला. 'नैसर्गिक प्रकाश व वायुवीजन यांस अडथळा', चार कलमं, दोन प्रती. पस्तीस वर्षं केंद्र सरकारात फायली केल्या, त्याचा उपयोग आता होतोय.
पाडव्याच्या गुढीचा बांबू परसातच होता, त्यावर तोंडलीचा वेल चढवला होता. पत्रा तापून सगळा करपला. हात लावून पाहिला पत्र्याला. चटका.

१५ मे
आज कहर. पत्र्याच्या वरच्या कडेला कोहळा टांगलाय. त्यावर राक्षसाचं तोंड रंगवलेलं: सुळे, लाल जीभ, वटारलेले डोळे. बरोबर आमच्या मागच्या दाराकडे. चहाचा कप घेऊन दार उघडलं की समोर ते.
सु. म्हणते, "नजर लागू नये म्हणून लावतात इथे. नव्या घरावर नाही का बघितलं?"
नव्या घरावर लावतात. इथे काय नवं आहे? आमची नजर?

१६ मे
माझी जुनी चप्पल पत्र्याला आपल्या बाजूने तारेने बांधली, कोहळ्याच्या बरोबर खाली. सु.ने ती पाहिली आणि मागचं दार लावून घेतलं.

८ जुलै
कॉर्पो.चा माणूस आला. भला होता. टेप लावून मोजलं. म्हणाला, पत्रा त्यांच्या हद्दीत आहे, तुम्हाला कोर्टात जावं लागेल. ष. आपल्या पायरीवर उभा होता. आत जाताना तो मला म्हणाला, "सार, यू नो व्हाय." नो व्हाय! मला ठाऊक असतं तर अर्ज कशाला केला असता? चोराच्या उलट्या बोंबा.
अशा वेळी तमिळ हवं. पंचवीस वर्षं झाली इथे, माझं तमिळ बसच्या तिकिटापुरतं. तिथल्या तिथे झापायचं राहून गेलं.

६ ऑक्टोबर
नवरात्र. ष.कडे गोलू मांडलाय, पायऱ्यांवर बाहुल्या. गल्लीतल्या सगळ्या बायका जाऊन आल्या. आम्हाला बोलावणं नाही. गेल्या वर्षी सु.ला अक्काने स्वतः हाताला धरून नेलं होतं, ओटीत जरीच्या काठाचा हिरवा ब्लाउजपीस घातला होता. आज सु. पुढच्या खिडकीत उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या साड्या बघत होती.
रात्री पुण्याहून सुधीरचा फोन. नेहमीचंच: आई-बाबा, आता इकडेच या. दर वेळी सु. "नाही रे" म्हणते. आज "बघू" म्हणाली.
मी ऐकलं. ऐकलं नाही असं दाखवलं.

१२ नोव्हेंबर
पाऊस थांबत नाही. पत्र्यावर ताशा वाजतोय. मोगरा कुजला. सु.ने उपटून टाकला, स्वतः, गुडघे धरत. म्हटलं दुसरा लावू. म्हणाली, "कुणासाठी?"
मी इथून हलणार नाही. या माणसाच्या पत्र्याला भिऊन तर मुळीच नाही.

१९ फेब्रुवारी २००६
लिहायला हात धजत नाही. मुनियम्मा दोन्हीकडे धुणंभांडी करते. आज सु.ने तिला चहा देऊन बसवलं आणि विचारलंच. आधी नाही नाही म्हणाली, मग हळूच, "सेय्विनै, अम्मा."
म्हणजे करणी. आम्ही करणी केली म्हणे त्यांच्यावर.
गुढी. गेल्या पाडव्याची आमची गुढी! भिंतीवरून अक्काने पाहिली. काठीवर उलटा तांब्या, कडुलिंबाचा डहाळा, आणि त्याखाली तिनेच गोलूला दिलेला तो हिरवा ब्लाउजपीस. चौथ्या दिवशी उमाचं ठरलेलं लग्न मोडलं. करणी करायला त्याच घरचं कापड लागतं, असं मुनियम्मा म्हणाली, आणि सु.कडे न बघता भांड्यांकडे गेली.
मी हसलो आधी. मग अंगाचा असा तिळपापड झाला की बस. आमच्या सणाला करणी म्हणतात! शिकलेली मुलगी घरात, आणि एक शब्द विचारायचा नाही? अडाणी लेकाचे.
सु. ओट्याला धरून उभी होती. "नवं कोरं होतं हो. घरातलं सगळ्यात चांगलं म्हणून मीच बांधलं."

२१ फेब्रुवारी
सु. म्हणते, जाऊन सांगते. मी म्हटलं, खबरदार. पत्रा त्यांनी ठोकला, दार त्यांनी लावलं, आणि खुलासे आपण द्यायचे?
 ताट वाढून ती देवघरात जाऊन बसली.

२० मार्च
सुधीरने पुण्याची तिकिटं पाठवली, १६ एप्रिलची. दोघांची. परतीची नाहीत. सु.ने ती देवघरात ठेवलीत. काही विचारलं नाही तिला. विचारलं तर सांगेल, म्हणून.

२५ मार्च
अठरा फुटी बांबू आणला. दुकानदार म्हणाला, "पंदल, सार?" म्हटलं, हो, मांडवच. पत्र्याच्या दुप्पट. या पाडव्याला अख्ख्या गल्लीला दिसेल अशी उभारतो. आधी मोठा तांब्या घासायला काढला, चिंच लावून. म्हणावं, करा अजून नऊ फूट.

२९ मार्च
सु.ने बांबू पाहिला.
"कुणासाठी उभारताय?"
"देवासाठी."
"देवाला नऊ फुटांवरची दिसत नाही?"
मी तांब्या घासत राहिलो. मग ती खुर्चीत बसली, त्याच वेताच्या, आणि शांतपणे म्हणाली, "त्यांच्यावरच्या जळफळाटाने उभारलीत, तर अक्का खोटं बोलल्या नाहीत असं होईल."
 बांबू आडवा करून ठेवला.

३० मार्च, पाडवा
सकाळचे साडेसहा. सु. न्हाऊन, तोच ब्लाउजपीस इस्त्री करून ताटात घेऊन ष.कडे निघाली. बरोबर कडुलिंब-गूळ. परत द्यायला नेते आहेस का, विचारलं. "परत नाही. विचारायला. हा बांधू का म्हणून." मी चप्पल घालायला लागलो तर म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुमचं तोंड बघून त्या दार लावतील." खरं बोलली.
गेट वाजलं. दार उघडल्याचा आवाज. लागल्याचा आवाज. ती आत गेली की बाहेरच राहिली, पत्र्यामुळे दिसत नाही.
सात. परसात बसून लिहितोय. बांबू आडवा, तांब्या मांडीवर. माझी चप्पल आधी सोडून आणली पत्र्यावरून. तार गंजलीय, हाताला लागली.
सव्वासात. अक्काचा आवाज, चढलेला. मग सु.चा, तमिळमध्ये, भरभर. एवढं तमिळ तिला येतं हे मला माहीत नव्हतं. मग उमाचा. मग काहीच नाही.
ऊन पलीकडे पत्र्यावर आलंय, तापल्याची कटकट ऐकू येते. माझ्या बाजूला अजून सावली. शेडमधून करवत काढून आणलीय. बांबू किती ठेवायचा, की उभारायचाच नाही, ते ती आली की सांगेल.
सात चाळीस. अजून आलेली नाही.