वगळलेले चॅनल

३ डिसेंबर
एकदाची आली बाई मी वडसाले! गोंडपिपरीच्या घरी अब्बाच्या शिलाई मशिनीच्या खडखडाटात प्रबंध काई होत नव्हता. इथी नानाजीभाऊ अन् कमलाबाई, नवरा-बायको दोघंच राह्यतात. वरची खोली मले भाड्यानं. जेवाले तीन ताटं, भात अन् लाखोरीची दाळ. मंग भाऊनं पेटी काढून झाडीपट्टीच्या नाटकातलं पद म्हणलं. बाई लाजून लाल!

भाऊनं विचारलं, पोरी, काम्पुटरवर करते काय? म्हटलं, ताऱ्यातून एक्स-रे येतात. सॉफ्टवेअर त्यायचा आलेख काढते, अन् मी त्याच्यावर गणिताची रेघ बसवते.

९ डिसेंबर
रेघ काई बसून नाई राह्यली. जिथी काईच नसाले पाह्यजे, तिथीच एक उंचवटा. शनिवारी माझ्या गाईड सरायले निकाल नाई गेला, तर त्यायच्या शोधपेपरातून माझं नाव कटते. मंग सारेच करतात तेच केलं. कारण न पाहता तेवढे चॅनल, म्हणजे आलेखातले उंचवट्याचे ठिपके, 'इग्नोर' कमांड लिहून वगळले. रेघ अशी बसली, का वा!

खाली पेटी वाजून राह्यली होती. मधातच बंद झाली.

१० डिसेंबर
दोनच ताटं. भाऊ कुठी गेले, विचारलं. बाई म्हणे, कोन भाऊ? माह्यं तं लगनच नाई झालं पोरी. गळ्यात काळी पोत नाई. पेटीवर वांग्याची टोपली.

११ डिसेंबर
घाबरून 'इग्नोर'च्या उलटी कमांड, 'नोटिस' लिहिलं, चॅनल परत आणले. खाली पेटी वाजली! भाऊ! मी रडली. पण उंचवटा बी परत आला. अन् परवा शनिवार.

१२ डिसेंबर
परत वगळले. हो, मीच, जाणूनबुजून. एकच दिवस, म्हटलं. बाईच्या डोळ्याले सारखं पाणी. काऊन येते, तिले माहीत नाई. मले माहीत आहे.

१३ डिसेंबर
पाठवलं. सर खूश. लगेच 'नोटिस' लिहिलं — पेटी नाई वाजली. परत लिहिलं. नाई. सर म्हणे, ते चॅनल मूळ फाइलीतूनच कापले, सगळीकडून.
काय केलं मी! नावासाठी —

१४ डिसेंबर
सरायचा फोन. अजून एक लहान उंचवटा आहे म्हणे, तो बी कापतो. नका कापू, मी ओरडली — फोन कट.
अम्मीले लावला. अम्मी म्हणे, कौन?
खाली बाईनं एकच ताट —
बाई, आइका. मी दिसो नाई तं नाई. तुमचा नवरा होता. नानाजी. पेटी वाजवे, तुम्ही लाजत — नाव तरी ध्यानात ठेवा, ना —