गाळलेलं दीड पान

आई, तू वाचून ठेवलेल्या कॅसेटी आता मोबाइलवर ऐकता येतात. मीच त्या तशा करून घेतल्या, आणि त्यातल्या एकीपायी गेला आठवडाभर मी पेचात आहे.

कसब्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात बसून तू अंध मुलांच्या वसतिगृहासाठी पुस्तकं वाचायचीस. शेजारच्या तांबटांची ठोकाठोक दुपारी जेवणापुरती थांबायची, तेवढ्या वेळात आपलं काम. पंखा बंद, टेपच्या बटणावर माझं बोट. एके दिवशी तू एक जुनं विनोदी पुस्तक वाचत होतीस. लग्नाच्या पंगतीत एक आंधळा पाहुणा येतो आणि सगळी पंगत त्याची फजिती बघून हसते, असा दीड पानाचा प्रसंग आला. तू एक श्वास घेतलास आणि थेट त्याच्या पुढचं वाचू लागलीस. मी म्हणाले, "आई, मधलं राहिलं!" तू टेप बंद केलास. "पानं मी बघते. तू बटण सांभाळ. आणि हे बाहेर बोलायचं नाही." इतक्या कडक आवाजात तू माझ्याशी क्वचितच बोलायचीस. मी कुणाकडे बोलले नाही.

मागच्या आठवड्यात एक गृहस्थ विश्रांतवाडीला माझ्या घरी आले. त्या वसतिगृहात वाढलेले, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या फोनने त्यांना तेच पुस्तक अख्खं वाचून दाखवलं होतं. कप अचूक बशीत ठेवत म्हणाले, "बाईंनी दीड पान गिळलं की हो." मी सारवासारव केली, तुला मुलांना दुखवायचं नव्हतं म्हणून. "ते कळलं. पण ताई, लोक आम्हाला कशावरून हसतात ते अख्ख्या गावाला ठाऊक, आम्हीच तेवढे अडाणी राहिलो. तुमचा आवाज बाईंसारखाच आहे. वाचा आणि जोडा मध्ये."

माझी लेक म्हणते, असली पुस्तकं ठेवायचीच कशाला, काढून टाक. मला दोघांचंही पटतं, हीच पंचाईत. वसतिगृहात आजही दहा-दहा वर्षांची मुलं आहेत. एखाद्याच्या मनाला ते लागलं, तर तो आवाज तुझाच समजणार, या विचाराने मला धास्ती वाटते. आणि तुझा रागही येतो. त्या मुलांना एकदा विचारायला हवं होतंस. तू होतीस म्हणून त्यांना पुस्तकं तरी मिळाली, हेही खरंच.

शेवटी रविवारी दुपारी दार लावून मी ते वाचलं. हा भाग आईने गाळला होता, आता तिची मुलगी वाचते आहे, असं आधी सांगून टाकलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. तो पाहुणा शेजारच्याच्या पानातली जिलबी आपली समजून उचलतो आणि वर वाढप्याचं कौतुक करतो, तिथे मला खुदकन हसू आलं. ध्वनिमुद्रणात ते स्पष्ट ऐकू येत होतं. पाठवण्याआधी तेवढं मी कापलं. काल त्यांचा फोन आला. "आता काही गाळलेलं नाही ना, ताई?"

मी "नाही" म्हणाले.