‘स्फोट’ की ‘गैरसोय’

मंगळवार, एप्रिल १९७६. दिवेलागण

साहेबांनी आज माझा धोक्यांचा अहवाल परत केला. पेंडीतलं उरलेलं तेल काढायला आमच्या कारखान्यात हेक्झेन वापरतात. त्याची वाफ पेट्रोलसारखी पेट घेते. पंप गळतोय आणि शेजारीच वेल्डिंग चाललंय, स्फोट होऊ शकतो, एवढंच मी लिहिलं होतं. त्यांनी ‘स्फोट’वर लाल रेघ मारून वर ‘गैरसोय’ लिहिलं. गैरसोय!

“बाई, मालक घाबरतील असं लिहायचं नसतं.”

“घाबरावेत म्हणूनच लिहिलंय, साहेब.”

“मग खाली सही तुमची एकटीचीच राहील.”

केली सही. ‘स्फोट’ तसाच ठेवला. नोकरी गेली तर? आणि नोकरी राहून पंपही तसाच राहिला तर?

अहवाल टपालानं मुंबईच्या कचेरीत जाणार, कोणीतरी वाचणार, मग कधीतरी उत्तर येणार. तोवर पंप चालूच.

घरी आले तर वळसंगचे नामदेव भावोजी चहा घेत बसले होते. ह्यांचे चुलतभाऊ, त्याच पंपावर पाळीला असतात. त्यांना सगळं सांगून टाकलं.

“वैनी, मग उद्या कामाला जाऊ की नको?”

“जाऊ नका.”

“आन् बाकीच्यास्नी कोन सांगनार?”

सही केली म्हणजे आपलं काम संपलं, असं मी धरूनच चालले होते की काय?

उद्या पहिल्या पाळीआधी फाटकावर जाऊन उभी राहणार आहे. ह्यांना अजून सांगितलेलं नाही.