लाल ठिपक्यांच्या वह्या

डिलाईल रोड,
मंगळवार

प्रिय आकांक्षा,

काल मी परळला जाऊन तुझ्या होणाऱ्या गाइड मॅडमना भेटले आणि ‘माझ्या भाचीला घेऊ नका, तिला जर्मनीला जाऊ द्या’ असं सांगून आले. हे तुला त्यांच्याकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. फोन तू उचलत नाहीस. रविवारी मी म्हटलं, आत्याच्या गुडघ्यासाठी कोणी पीएचडीची जागा निवडत नाही, आणि तू ताटावरून उठून अँटॉप हिलला घरी निघून गेलीस. बांगड्याचं तिखलं मी संपवलं. वाया घालवायची आपल्याकडे पद्धत नाही.

मॅडमनी चहा मागवला. म्हणाल्या, ‘आजी, तुमची भाची मुलाखतीत तासभर बोलली. गुडघा एकदाही आला नाही.’ आजी म्हटलेलं मी सोडून दिलं. जर्मनीतली यंत्रं चांगली आहेत हे तुला ठाऊक आहे, पण तुला माणसं हवीत, म्हणाल्या. गिरणीत कापसाची धूळ खाल्लेली, आता सत्तरी-ऐंशीची. गिरण्या बंद होऊन चाळीस वर्षं झाली, आता त्यांची छाती कशी आहे, हे वरळी-लालबागचे जिने चढूनच कळणार, आणि ती आहेत तोवरच. ‘अडचण एकच, त्यांच्या श्वासाची तेव्हाची मापं कुठे मिळत नाहीत.’ मी चहा अर्धा ठेवून उठले.

बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षं मी परळच्या एका दवाखान्यात वसंत सरांच्या हाताखाली होते, एवढंच तुला माहीत आहे. काम काय, तर कामगारांना नळीत फुंकायला लावायचं आणि आकडा लिहायचा. एक जण रोज म्हणे, ‘बाय, शंख फुकूचो तर देवळात फुकू, हय कित्याक?’ रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी छाती जास्त आवळते, हे सरांना माहीत होतं. पण काहींचे आकडे मधल्याच वारी पडत, आणि सर चक्रावत. ते लोक शिमगा करून गावाहून आलेले असत आणि तो त्यांचा कामाचा पहिला दिवस असे. सरांना ते सांगत नसत. मी चाळीतली, मला सांगत. मी त्या आकड्यापुढे लाल ठिपका देऊ लागले. सरांनी मग त्या ठिपक्यांवरच पुढचं काम आखलं.

सर अहमदाबादला गेले तेव्हा मला ये म्हणाले. बाबांचा खोकला सांगून मी राहिले. खरं म्हणजे बाबांनी माझी ट्रंक स्वतः बांधून ठेवली होती. भीती मला वाटली होती. ते माझं माप मी तुला लावलं. चुकलं.

आज सकाळी मॅडमना फोन करून कालचे शब्द परत घेतले. त्या म्हणाल्या, ‘मी धरलेच नव्हते.’ तेव्हा प्रवेश शाबूत आहे. पण पत्र लिहायचं खरं कारण निराळंच. सरांनी जाताना चिठ्ठी लिहून वह्या माझ्या हवाली केल्या होत्या. चाळीस वर्षं कॉटखाली आहेत. सर आता नाहीत, ठिपक्याचा अर्थ एकट्या मलाच माहीत होता. आता तुलाही झाला.

तुझीच,
आत्या

तुझ्या बाबांच्या, म्हणजे दीपकच्या हाती दिलं ते:
वह्या तीन, पानं सगळी आहेत.
सरांची चिठ्ठी एक.
कामगारांची नावं चारशे बारा. पहिली वही, पान नऊ, दत्ताराम, लाल ठिपका: ते तुझे आजोबा.
पोच सही करून तूच घेऊन ये. रविवारी बांगडे आणते आहे.