मेंढरांची वाट नकाशात

आप्पा, तुमची पेन्सिल आमच्या स्कॅनरला दिसत नाही. आठ दिवस झाले, हे कुणाला सांगावं कळेना. गावोगावचे जुने मोजणी नकाशे आता देशाच्या एका नकाशात जोडायचे आहेत. रस्ता काढणारा, वीज नेणारा, पाइप टाकणारा, सगळे त्यावरूनच काम करणार. सोलापुरातल्या आमच्या ऑफिसात सांगोल्याकडचं एक गाव माझ्या टेबलावर आलं आणि मी तुमचा हात ओळखला. शाईच्या बांधांमधून ओढ्याकडे गेलेली फिकट पेन्सिलची रेघ, शेजारी बारीक अक्षरात ‘मेंढरं’.

मोजणीवरून आलात की तुम्ही स्वयंपाकघरातच कागद पसरायचात, चार कोपऱ्यांवर डाळीचे डबे. आई भाकरी थापताना पाय आखडून बसायची. एकदा मी शहाणपणा करून तुमच्या पेन्सिलीवर शाई फिरवली. तुम्ही हात उगारला नाहीत. "तोंडी आहे तोवर वाट चालू आहे. शाईत घेतली की दोन्हीकडचे भांडायला उभे राहतात," म्हणालात आणि ब्लेडनं रेघ खरवडत बसलात. तेव्हा तुम्ही फार शहाणे वाटलात. आता राग येतो. भांडण नको म्हणून तुम्ही नामानिराळे राहिलात. तोंडी वाट मी कशात भरू?

परवा त्या गावचा म्हातारा मेंढपाळ ऑफिसात आला. तुमच्या मोजणीत साखळी धरायचा म्हणे. "सायबांनी माज्यादेखत काडली वाट. ह्यात हाय की, ताई?" तिकडे सोलरवाले तारेचं कुंपण घालताहेत, नकाशात वाट असली तरच फाटक ठेवणार आहेत. "न्हाय म्हनलं तर मेंढरं पान्यावर कुटनं न्यायची?" मी म्हणाले, "आहे, मामा." त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बसला लगेच चहा प्यायला.

तो गेल्यावर मी आमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, मोजणी नसलेली रेघ घेता येत नाही. शंका असेल तर शेरा लिहायचा, मग कुणीतरी जागेवर जाऊन मोजतं. "पण एका वाटेसाठी अख्खं गाव अडवणार का, मॅडम?" आमची मुदत आजची होती. माझी नोकरी कंत्राटी आहे, आप्पा.

दुपारी गाव पाठवून दिलं. हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून सांगते. शेऱ्याचा रकाना मी कोरा सोडला.